चिमट्याचा मॅक्रो लेन्स, ५५० रुपयांचा: टॉवेल तपासायला घेतला आणि फुलपाखरांच्या मागं लागलो

आधी सांगून टाकतो, हा लेन्स मी फुलपाखरांसाठी घेतलाच नव्हता. मी इथं सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत, आणि आमच्या धंद्यात माल बघायला पिक ग्लास वापरतात, म्हणजे ते घडी होणारं छोटं भिंग असतं ना, कपड्यावर उभं करायचं, वाकून डोळा लावायचा आणि इंचात उभे धागे किती आडवे किती ते मोजायचं. वीस वर्षं हेच करतोय. पण हल्ली पार्टीला व्हॉट्सअपवर फोटो लागतो, लूप कुठं ओढला गेलाय, धागा कुठं तुटलाय, ते सगळं फोटोत दाखवा म्हणतात, आणि पिक ग्लासवर मोबाईल टेकवून फोटो काढला की कधी अर्धा गोल काळा येतो कधी आपलीच सावली येते. म्हणून ऑनलाइन हा चिमट्याचा लेन्स मागवला. ब्रँड विचारू नका, कारण एकच माल दहा नावांनी विकायला आहे, डबीचा रंग तेवढा वेगळा. काळी अ‍ॅल्युमिनियमची बॉडी, कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखा चिमटा, एक टोपण आणि एक कापडी पिशवी, एवढंच येतं. डबीवर १५एक्स लिहिलेलं होतं.

टॉवेलसाठी झकास आहे. एका ओळीत सांगायचं तर टॉवेल हलत नाही, त्यामुळं तिथं याला ५ पैकी ५. तेवढ्यासाठीच पाहिजे असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, घेऊन टाका.

आता खरी गोष्ट. आमच्या कारखान्याच्या मागं एक मोकळा प्लॉट आहे, कुणाचा आहे देव जाणे, नुसती एकदांडी, गाजर गवत आणि जमिनीला चिकटून पसरणारं काहीबाही उगवलेलं. पावसाळ्यात जरा हिरवं दिसतं, एरवी माळच. तिथं मी सकाळच्या शिफ्टच्या आधी चहा घेऊन उभा राहतो. तर एकदा पायाशी राखाडी तूस उडालं. आमच्याकडं तूस म्हणजे काय नवीन नाही, केसात तूस, चहात तूस, नाकात तूस. पण हे तूस वाऱ्याच्या उलट्या दिशेला गेलं की ओ! मग बसलो खाली. करंगळीच्या नखाएवढं फुलपाखरू. पंख मिटून गवताच्या काडीवर बसलेलं, काडी वाकलीसुद्धा नाही.

खिशात लेन्स होताच, लावला, आणि पहिला फोटो आला तो नुसता धुरकट राखाडी डाग. दुसरा पण तसाच. तिसऱ्याला फुलपाखरू उडून गेलं. चौथ्या दिवशी कुठं एक फोटो बरा आला आणि मोठा करून बघितल्यावर मी तिथंच गवतात बसून राहिलो बराच वेळ, शिफ्टला उशीर झाला. राखाडी-तपकिरी पंखावर पांढऱ्या कडा असलेले बारीक तपकिरी-काळे ठिपके, आणि मागच्या पंखाच्या कडेला ओळीनं काळे ठिपके, त्यांच्या डोक्यावर नारिंगी टोपी, आणि काळ्याच्या आत हिरवट-निळी चमक. चमक म्हणजे जरीसारखी, नुसता रंग नाही. वीस वर्षं बॉर्डर बघतोय मी, अशी बॉर्डर नाही बघितली.

पुतण्या बीएस्सीला आहे, झूलॉजी घेतलंय, त्याला फोटो पाठवला. म्हणाला, "काका, ग्रास ज्वेल आहे हे. भारतातल्या सगळ्यात बारक्या फुलपाखरांतलं एक. तुम्ही टॉवेल सोडून हे काय करलालाव?" मग त्यानंच सगळं सांगितलं आणि नंतर मी पण वाचत गेलो. पंख पसरून या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण १५ ते २२ मिलीमीटर, म्हणजे रुपयाच्या नाण्यावर बसलं तर नाणं जेमतेम झाकेल नाहीतर तेवढं पण नाही. आपलं महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मॉन, २०१५ ला जाहीर झालं ते, त्याच्या एका पंखात हे अख्खं घराणं मावेल. वरून बघितलं तर साधं तपकिरी, काही म्हणजे काही नाही. सगळी मजा खालच्या बाजूला आणि ते बसतं पण पंख मिटूनच, त्यामुळं दिसते ती चांगली बाजूच, फक्त दिसायला आपण गुडघ्यावर यायला पाहिजे. आपण टॉवेलची चांगली बाजू वर करून घडी घालतो ना, तसंच झालं हे.

यात पण दोन भाऊ आहेत बरं का. एक फ्रेयेरिया ट्रोकिलस आणि दुसरा फ्रेयेरिया पुतली. हो, पुतलीच. १८४४ साली कोलार नावाच्या ऑस्ट्रियन माणसानं ठेवलेलं नाव आहे, त्यानं कुठून उचललं ते त्यालाच माहीत पण मला तरी वाचल्या वाचल्या आजीची पुतळ्यांची माळ आठवली, त्यातली एक पुतळी सुटून गवतात पडावी तेवढंच आहे हे. पुतली आणखी बारकं असतं आणि वरच्या बाजूला मागच्या पंखाच्या कडेला नारिंगी दिसत नाही, ट्रोकिलसला वरून पण नारिंगी झाक असते. आता हे ओळखायचं तर पंख उघडलेले असतानाचा फोटो पाहिजे, आणि पंख ते उघडतं सकाळच्या कोवळ्या उन्हात, अर्धवट, दहा-वीस सेकंद. इथंच लेन्सची परीक्षा आहे.

लेन्सच्या डबीवरच्या आकड्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर पाचशे रुपये वाचले असते. भिंगाचा जो एक्स असतो त्याचा साधा हिशोब असा की २५ सेंटीमीटरला त्या आकड्यानं भागायचं, जे येईल तेवढ्या अंतरावर वस्तू पाहिजे, थोडं पुढंमागं. १०एक्स असेल तर अडीच सेंटीमीटर. १५एक्स असेल तर पावणेदोनच्या खाली. डबीवरचा आकडा खरा असेल तर हां, बऱ्याच वेळा तो पण वाढवून लिहिलेला असतो. म्हणजे आकडा जितका मोठा तितकं तुम्हाला जवळ जावं लागणार, आणि आपण दुकानात उलटा विचार करतो, की मोठा आकडा म्हणजे भारी लेन्स. कपड्याला ठीक आहे, मोबाईल टॉवेलवर टेकवला तरी टॉवेल काय म्हणत नाही. फुलपाखराच्या तोंडाशी पावणेदोन सेंटीमीटरवर तुम्ही पाच इंची काळी पाटी आणली तर ते थांबेल का? थांबलं तरी मोबाईलची सावली त्याच्यावर पडते आणि सावली पडली की ती हिरवी-निळी चमक गेलीच.

ही चमक का जाते हे पण पुतण्यानं सांगितलं. तो रंग आपल्या डाइंगसारखा रंगद्रव्याचा नसतो, पंखावरच्या खवल्यांची बनावटच अशी असते की ठराविक कोनातून उजेड पडला की तो रंग परत येतो, साबणाच्या फुग्यावर दिसतात तसं काहीतरी. कोन चुकला की नुसता काळा ठिपका. तो चौथ्या दिवसाचा एक फोटो सोडला तर मी पहिले पंधरा दिवस नुसते काळे ठिपके काढत बसलो आणि लेन्सला शिव्या देत होतो, लेन्सची चूक नव्हती, मी सूर्याच्या आड उभा राहत होतो. मग कळलं, सूर्य पाठीमागून नाही, बाजूनं पाहिजे, तिरपा. आपल्याकडं साडेसात ते नऊ हा टाइम, त्यानंतर ऊन डोक्यावर येतं आणि फुलपाखरू पण चपळ होतं, मग तुम्ही काय लेन्स लावा काय दुर्बीण लावा.

मग मी दुसरा लेन्स घेतला. हा जरा महाग पडला, चौदाशेला, नवी पेठेतल्या एका मोबाईल ॲक्सेसरीच्या दुकानातून. त्याचा आकडा कमी आहे पण अंतर सात-आठ सेंटीमीटर मिळतं. तिथला पोरगा मला म्हणत होता काका १५वाला घ्या, हा कमी पॉवरचा आहे, हा कुणी नेत नाही. मी म्हटलं बरोबर, म्हणूनच मला दे. आणि खरं सांगतो, फरक एवढा आहे की ५५० वाला आता कारखान्यातच राहतो, प्लॉटवर फक्त हा. फोटोत फुलपाखरू थोडं बारीक येतं पण नंतर कापून मोठं करता येतं, आजकाल कॅमेऱ्याला मेगापिक्सेल काय कमी आहेत का. सात सेंटीमीटरवरून सावली पडत नाही, फुलपाखरू पण बिथरत नाही, म्हणजे हळू गेलात तर. झटका दिला की संपलं. मी कसा जातो ते सांगतो, आधी दीड हातावर बसतो, मग मोबाईल पुढं करून जमिनीलगत सरकवत नेतो, वरून नाही. वरून आलेली प्रत्येक गोष्ट त्याला पक्षी वाटत असणार.

फोकस खोलीला फार पातळ येतो हे दोन्ही लेन्सचं आहे, त्यात कुणाची चूक नाही, भिंगाचा गुणच तो. म्हणजे डोळा स्पष्ट आला तर पंखाची कड धुरकट, कड आली तर डोळा गेला. यावर उपाय एकच, मोबाईलचा कॅमेरा पंखाला समांतर धरायचा, टॉवेलवर पिक ग्लास सपाट ठेवतो तसा. मिटलेले पंख म्हणजे एक सपाट कापडच आहे, त्याच्या बरोबर समोर आलात की सगळे ठिपके एकदम फोकसमध्ये. आणि एक फोटो काढू नका, बटण दाबून धरा, तीस-चाळीस निघू देत, त्यातला एक चांगला असतो. माझ्या मोबाईलमध्ये सध्या फुलपाखरांचे अकराशे फोटो आहेत आणि त्यातले दाखवण्यासारखे नऊ. बायको म्हणते नातेवाईकांच्या लग्नाचे फोटो डिलीट करून हे ठेवलेत. केलेत डिलीट, खोटं कशाला बोलू.

आता तक्रारी. पहिला पीस आला त्याच्या काचेवर ओरखडा होता, फोटोत मधोमध एक पांढरी रेघ यायची. परत करायला गेलो तर विक्रेता म्हणाला रिप्लेसमेंट, मग चार दिवस कुरिअरवाला आलाच नाही, मग म्हणे घर बंद होतं. घर कसलं बंद, आमच्या घरात आई चोवीस तास दारात बसलेली असते. शेवटी नवीन पीस आला तो ठीक निघाला. तर पार्सल आलं की पहिलं काम म्हणजे लेन्स ट्यूबलाइटकडं धरून बघा, ओरखडा, बुडबुडा काय असेल तर लगेच दिसतं.

दुसरी तक्रार चिमट्याची. नवीन असताना चिमटा घट्ट असतो, दोन महिन्यांत सैल पडतो, आणि मोबाईलला जाड कव्हर असेल तर आधीच बसत नाही. शिवाय हल्लीच्या मोबाईलला मागं तीन-तीन चार-चार कॅमेरे, चिमटा कुठल्या भोकावर लावायचा हेच कळत नाही. मुख्य कॅमेऱ्यावर लावायचा. कळत नसेल तर कॅमेरा चालू करून एकेका भिंगावर बोट ठेवून बघा, ज्यानं स्क्रीन काळा होतो तो. आणि जवळ नेलं की काही मोबाईल आपोआप दुसऱ्या कॅमेऱ्यावर उडी मारतात, ते सेटिंगमधून बंद करा नाहीतर तुम्ही लेन्स एकीकडं लावलाय आणि फोटो दुसरीकडून निघतोय असा प्रकार होतो. माझा आठवडा गेला यात. लेन्स एक-दोन मिलीमीटर सरकला तरी एका कोपऱ्यात अंधार येतो. मी आता चिमट्याच्या आत रबराची पट्टी चिकटवलीय, सायकलच्या ट्यूबची, तेव्हापासून हलत नाही.

स्वस्त लेन्सच्या कडेला जांभळी झालर येते ती वेगळीच. राखाडी फुलपाखराला जांभळी किनार आली की पुतण्या म्हणतो काका हे कुठलं नवीन ब्लू काढलंत, ब्लू म्हणजे या बारक्या फुलपाखरांचं घराणं. चौदाशेवाल्यात कमी आहे पण आहे. विषय मधोमध ठेवला तर चालून जातं.

आणि ऊन. सोलापूरचं ऊन या लेन्सवाल्यांनी बघितलेलं नाही. एप्रिल-मेत पारा ४३-४४ ला गेला की अ‍ॅल्युमिनियमची बॉडी हाताला चटका देते आणि मोबाईल स्वतःच कॅमेरा बंद करतो, तापलंय म्हणून. त्या दिवसांत फुलपाखरं पण कमीच असतात म्हणा, प्लॉट सगळा करपलेला असतो. खरा सीझन पाऊस पडून गवत वर आलं की, जुलै-ऑगस्टपासून थंडीपर्यंत. आपल्याकडं पाऊसच मुळात पाचशे-सहाशे मिलीमीटरच्या आसपास, तो पण मनात येईल तसा, पण या किड्याला तेवढा पुरतो कारण त्याला जंगल लागतच नाही. माळ, बांध, रस्त्याची कड, रिकामा प्लॉट, आणि आपल्याकडं याची काही टंचाई नाही.

हे मला फार आवडलं बघा. वाघ बघायला ताडोबाला जा, माळढोक बघायला नान्नजला जा आणि नशिबात असेल तर दिसेल. हे मात्र कारखान्याच्या मागं. आणि तेच फुलपाखरू, म्हणजे ट्रोकिलस, आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, तुर्कस्तानात आहे, ग्रीसमध्ये पण आहे, युरोपातलं सगळ्यात बारकं म्हणून तिकडं त्याचं कौतुक करतात. पुतली उलट्या दिशेला गेलेलं, भारत-श्रीलंकेपासून आग्नेय आशिया करत थेट ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेपर्यंत. आणि दोघांची गाठ आपल्याकडं पडते. आमचे टॉवेल कंटेनरनं परदेशी जातात तेव्हा कुठं तिकडच्या लोकांना सोलापूर कळतं आणि हे नखाएवढं प्राणी वावभर सुद्धा उंच न उडता एवढ्या मुलखात पसरलंय. जमिनीपासून वीतभर, फार तर गुडघ्याएवढं उडतं आणि लगेच बसतं. हा त्याचा स्वभाव आपल्या फायद्याचा आहे, उडालं तरी दोन हातावरच बसणार, मागं पळायचं नाही, तिथंच नजर ठेवायची.

खातं काय तर अळी इंडिगोफेराच्या झुडपांवर वाढते, म्हणजे निळीच्या जातभाईंवर, ज्या झाडापासून पूर्वी कापड रंगवायची नीळ काढायचे त्याच घराण्यातल्या जमिनीवर पसरणाऱ्या बारक्या वनस्पती. मला हे कळलं तेव्हा मी आमच्या डाइंगच्या मास्तरला मुद्दाम जाऊन सांगितलं. तो तेलुगू माणूस, तीन पिढ्या रंगाच्या, म्हणाला "मंग त्ये आपल्याच धंद्यातलं की!" आणखी एक-दोन वनस्पतींवर पण वाढते, चिटीफूल म्हणतात तो हेलिओट्रोपचा प्रकार त्यातलाच. अळी हिरवी, पानाच्या रंगाची, लेन्सशिवाय सापडायचं नाव नको. तिच्याभोवती मुंग्या असतात, ती अंगातून गोड द्रव सोडते आणि मुंग्या त्या बदल्यात तिच्याजवळ थांबतात. मी अळी अजून एकदाच बघितलीय आणि ती पण मुंग्या बघून बघून, म्हणजे मुंग्या त्या एवढ्याशा पानावर का जमल्यात म्हणून लेन्स नेला आणि ती हलली. तो व्हिडिओ माझा हात थरथरल्यामुळं बघण्यासारखा नाही. व्हिडिओला हा लेन्स हातात धरून चालतच नाही, स्टँड पाहिजे, ते आधीच सांगतो.

फसवणारी मंडळी पण आहेत. त्याच प्लॉटवर टायनी ग्रास ब्लू असतं, तेवढंच बारकं, त्याला पण ठिपके, पण नारिंगी अजिबात नाही आणि नर वरून निळसर. पेल ग्रास ब्लू जरा मोठं. तुरीच्या शेताकडं गेलात तर पी ब्लू, त्याला मागं बारीक शेपटी असते, शेंगा खाणाऱ्या अळ्यांत त्याचं पण नाव आहे, शेतकऱ्याला त्याचं काय कौतुक नाही. डोळ्यानं बघितलं तर सगळी एकच, राखाडी तुसं. लेन्समधून बघितलं की प्रत्येकाची डिझाईन वेगळी, बॉर्डर वेगळी, एकाचं दुसऱ्याला लागू नाही. म्हणजे ओळखायला तरी लेन्स लागतोच, नुसता शौक नाही.

काही जण म्हणतील मोबाईलमध्येच मॅक्रो मोड असतो की. असतो. स्वस्त मोबाईलमधला २ मेगापिक्सेलवाला मॅक्रो कॅमेरा म्हणजे शोभेचा आहे, माझ्या आधीच्या मोबाईलला होता, त्यात ग्रास ज्वेल आणि खडा सारखाच दिसायचा. महागड्या मोबाईलमध्ये जो वाइड कॅमेऱ्यानं मॅक्रो होतो तो चांगला असतो, मालकांच्या पोराच्या मोबाईलवर बघितलाय, पण त्याला पण दोन-तीन सेंटीमीटरवर जावं लागतं, म्हणजे परत सावलीचं तेच दुखणं. ७० हजारांचा मोबाईल असेल तर आधी त्यावर बघा, नाहीतर चौदाशेचा लेन्स बास आहे. लाइटची रिंग लावलेला पण एक लेन्स मिळतो, मी एका मित्राचा वापरून बघितला, त्याच्या उजेडात पंख भकाभका पांढरे येतात आणि चमकणाऱ्या ठिपक्यात रिंगचंच प्रतिबिंब दिसतं. पैसे पाण्यात.

तुम्ही कुठं जाऊन बघाल म्हणाल तर लांब जायची गरज नाही. विजापूर रोडला स्मृती उद्यानाकडं फुलपाखरं बऱ्यापैकी असतात, पण तिथं सगळे मोठ्यांच्या मागं, टायगर, मॉर्मॉन. कुणी खाली बघत नाही. मी एकदा तिथं पायवाटेच्या कडेला पालथा पडून फोटो काढत होतो तर मॉर्निंग वॉकच्या एक आजोबांनी येऊन विचारलं, "काय हुडकलालाव ओ, पैसं पडलं काय?" मी म्हटलं नाही ओ बाबा, फुलपाखरू. त्यांनी पण वाकून बघितलं, काही दिसेना, मग मी मोबाईलमधला फोटो दाखवला. आजोबा फोटोकडं बघतात, जमिनीकडं बघतात, परत फोटोकडं. शेवटी म्हणाले, "हे आम्ही रोज तुडवत जातोय की." तेव्हापासून त्या वाटेवर मी स्वतः पण पाय बघून टाकतो, उगाच.

तर मार्क. ५५० वाला टॉवेलला ५, फुलपाखराला २. चौदाशेवाला फुलपाखराला ४, एक मार्क चिमट्याचा कापला. विकत घेताना आकडा विचारू नका, अंतर विचारा, किती लांबून फोकस होतो ते. दुकानदाराला सांगता आलं नाही तर काउंटरवरची पेन घ्या आणि त्याच्यावरची अक्षरं फोकस करून बघा, हाताची चार बोटं मध्ये मावली तर घ्या. टोपण पहिल्याच महिन्यात हरवतं, त्याचं काही करता येत नाही, मी आता लेन्स आईच्या जुन्या तपकिरीच्या डबीत ठेवतो, नीट धुऊन पुसून घेतलीय तरी कधी कधी फोकस करताना शिंक येते आणि फुलपाखरू उडतं.

परवा मालक चेकिंग टेबलवर आले, पार्टीला पाठवायचे फॉल्टचे फोटो दाखव म्हणाले. मी मोबाईल दिला आणि ते बोटानं पुढं सरकवत सरकवत नको तिथं पोचले. मला वाटलं आता बोलणी बसणार, कामाच्या वेळेत काय चाललंय म्हणून. मालक फोटो मोठा करून बघत बसले. नारिंगी टोप्या, काळे ठिपके, आत ती चमक. मग डिझाइनच्या माणसाला हाक मारली आणि विचारलं, "अण्णा, ही बॉर्डर जकार्डवर बसंल का?" जकार्ड म्हणजे नक्षी विणायचा माग. अण्णांनी चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं. म्हणाले, चार रंगात बसवतो, पण त्या मधल्या ठिपक्याला जरीचा धागा लागंल, आणि टॉवेलात जरीचा धागा घातला तर अंग पुसणाऱ्याला टोचंल.